वाय बरोबर एमएक्स अधिक सी

काही सूत्रं माणसाला आरतीसारखी पाठ असतात. अर्थ विचारला तर पंचाईत होते, पण झोपेतून उठवून म्हणायला सांगितलं तरी एक अक्षर चुकत नाही. 'वाय बरोबर एमएक्स अधिक सी' हे त्यातलंच एक. एम म्हणजे स्लोप, सी म्हणजे इंटरसेप्ट, आणि एकूण प्रकरण दोन मार्कांचं. बारावीनंतर बहुतेकांचा आणि या सूत्राचा संबंध संपतो.

माझी भाची यंदा अकरावी सायन्सला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे ठाण्याला आली तेव्हा पुस्तकातलं 'सरळ रेषा' हे प्रकरण बरोबर घेऊन आली होती. गणित तिचं चांगलं आहे. स्लोप ३ आणि इंटरसेप्ट उणे २ म्हटलं की दहा सेकंदांत रेषा तयार. उभ्या अक्षावर उणे दोनला टिंब, तिथून एक घर उजवीकडे, तीन घरं वर, दुसरं टिंब, पट्टी ठेवली, ओढली रेघ. ("मामा, हे फार सोप्पंय, यात समजण्यासारखं काय आहे?") हाताला जमलं की डोक्यालाही समजलं असं आपण गृहीत धरतो. शाळा तर धरतेच.

जाता जाता एक गंमत. स्लोपला एमच का म्हणायचं, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. फ्रेंच भाषेत 'चढणे' या अर्थाचा जो शब्द आहे त्याचं ते पहिलं अक्षर, अशी एक कथा सांगतात, पण तिला पुरावा नाही. अमेरिकन पुस्तकांत आपल्या सीच्या जागी बी असतो. म्हणजे अक्षरांना तसा काही अर्थ नाही. मराठी पुस्तकात स्लोपला 'चढ' म्हणतात, तो शब्द मात्र अगदी नेमका आहे.

तर मी तिला म्हटलं, रिक्षाच्या मीटरचा ग्राफ काढ. आडवं अंतर, उभं भाडं. मुंबई महानगर भागात १ फेब्रुवारी २०२५ पासून जो दर लागू झाला तो असा: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. (मीटर खरं तर पायऱ्यापायऱ्यांनी पुढे सरकतं, वेटिंगचं आणखी वेगळं. ते सध्या सोडा.) आता सांग, चढ किती आणि इंटरसेप्ट किती?

"चढ १७.१४, इंटरसेप्ट २६," ती म्हणाली. ऑफिसात कुणालाही विचारा, हेच उत्तर येईल. बसल्याबरोबर २६ रुपये पडतात, म्हणजे सुरुवात २६ पासून, म्हणजे सी बरोबर २६. चुकतंय कुठे?

ग्राफ काढला की दिसतं. शून्यापासून दीड किलोमीटरपर्यंत रेघ सपाट आहे, २६ वर. दीडच्या पुढे ती चढायला लागते. इंटरसेप्ट विचारायचा तो या चढणाऱ्या रेषेचा. ती मागे वाढवत नेली तर उभ्या अक्षाला कुठे छेदते? दीड किलोमीटरचे १७.१४ च्या दराने २५ रुपये ७१ पैसे होतात. २६ मधून ते वजा केले की उरतात २९ पैसे. म्हणजे इंटरसेप्ट आहे २९ पैसे, आणि तेही राउंडिंगमुळे. टॅक्सीचं बघा: ३१ रुपये आणि पुढे २०.६६. दीड गुणिले २०.६६ म्हणजे ३०.९९. इंटरसेप्ट एक पैसा! ऑक्टोबर २०२२ चा रिक्षाचा जुना दर २३ आणि १५.३३ होता, त्याचा इंटरसेप्ट अर्धा पैसा.

म्हणजे 'किमान भाडं' हे बसण्याचं भाडं नव्हेच. रिक्षाची रेषा जवळजवळ शून्यातूनच निघते. तुम्ही दीड किलोमीटरच्या आत उतरलात तर न केलेल्या प्रवासाचे पैसे देता, आणि चार किलोमीटर गेलात तर बसण्याचे म्हणून वेगळं काहीही देत नाही. याउलट विजेचं बिल. त्यातला 'स्थिर आकार' हा अस्सल इंटरसेप्ट. घराला कुलूप लावून महिनाभर गावी जा, एक युनिट जळू नका देऊ, तरी तो येतोच. (आणि १००, ३००, ५०० युनिटांपाशी दर बदलतो, म्हणजे तिथे रेषेचा चढ बदलतो. पण ते एक वेगळंच पुराण आहे.)

भाचीला हे पटायला वेळ लागला. तिचं म्हणणं, "पण मीटर तर २६ च दाखवतं ना बसल्यावर!" बरोबर आहे. मीटर एका क्षणी एकच आकडा दाखवतं, आणि एका आकड्यातून ना चढ कळतो ना इंटरसेप्ट. एका टिंबातून हव्या तितक्या रेषा जातात.

आमच्या धंद्यात हे रोज भेटतं. एखादा प्रोग्रॅम हजार रेकॉर्ड वाचायला ३२ सेकंद घेतो. कुणीतरी लगेच भागाकार करतं: म्हणजे रेकॉर्डला ३२ मिलिसेकंद, फारच स्लो आहे, लूप सुधारा. जरा थांबून दहा हजार रेकॉर्ड देऊन बघावं. लागले ५० सेकंद. नऊ हजार जास्तीच्या रेकॉर्डना फक्त १८ सेकंद, म्हणजे रेकॉर्डला दोन मिलिसेकंद. उरलेले ३० सेकंद प्रोग्रॅम नुसता उभा राहण्यात जातात: डेटाबेसशी जोडणी, कॉन्फिगरेशन वाचणं वगैरे. लूप कितीही घासूनपुसून लख्ख केला तरी ते ३० सेकंद तसेच. भागाकार हा प्रकार रेषा शून्यातून जाते असं गुपचूप धरून चालतो. दोन मापं घेतल्याशिवाय मी कुणाशी परफॉर्मन्सवर बोलत नाही.

असो. हे सगळं आमच्या हॉलमध्ये चाललं होतं आणि बाबा पेपरआडून ऐकत होते. मग त्यांनी पेपर खाली ठेवला. बाबा बोलायला लागले की आई स्वयंपाकघरात जाते. तिने हे सगळं अनेकदा ऐकलेलं आहे.

बाबा मध्य रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते, मुंबई विभागात. हे काम बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. गाडी ड्रायव्हर चालवतो, सिग्नल स्टेशन मास्तर देतो, पण कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कुणाला पुढे काढायचं हे ठरवतो कंट्रोलर. त्याला ना गाडी दिसते ना रूळ. त्याच्यासमोर असतो एक लांबच लांब कागद. आता हे काम संगणकाच्या पडद्यावर चालतं, बाबांनी नोकरीची बरीच वर्षं ते हाताने केलं. कागदावर आडवी वेळ. उभी स्टेशनं, एकमेकांपासूनच्या अंतराच्या प्रमाणात. एकेका स्टेशनाहून फोनवर खबर येते की अमुक गाडी अमुक वाजता गेली, की कंट्रोलर तिथे टिंब देतो आणि मागच्या टिंबाला जोडतो. दिवसभरात कागद तिरक्या रेघांनी भरून जातो. प्रत्येक रेघ एक गाडी.

त्या कागदावर चढ म्हणजे वेग. रेघ उभी उभी चालली की मेल, जरा कललेली की पॅसेंजर, फारच झोपली की मालगाडी. आडवी झाली की गाडी थांबलेली. दोन स्टेशनांमध्ये रेघ अचानक आडवी झाली की कंट्रोलरच्या पोटात गोळा. एकाच दिशेच्या दोन रेघांचे चढ वेगळे असतील तर त्या पुढे कुठेतरी भेटणार हे तासभर आधीच दिसतं, आणि ती भेट स्टेशनात, लूप लाइन आहे तिथेच घडवून आणावी लागते. एकेरी मार्गावर तर समोरून येणाऱ्या गाडीची रेघ उलट्या चढाची. पनवेल–रोहा त्या वेळी एकेरी होता, कोकणच्या गाड्या त्यावरून. "तिथे दोन रेघा स्टेशनाच्या बाहेर छेदल्या तर काय होईल, सांग," बाबा भाचीला म्हणाले. तिने डोळे मोठे केले.

ही कल्पना फार जुनी आहे. फ्रान्सच्या एत्येन-ज्युल मारे यांनी १८७८ साली ग्राफच्या पद्धतीवर जे पुस्तक लिहिलं त्यात पॅरिस–ल्यों मार्गाचं असं वेळापत्रक आहे. जगातल्या सुंदर आकृत्यांत त्याची गणना होते. बाबांना मी ते चित्र दाखवलं होतं. "रेघा स्वच्छ आहेत. लेट गाड्या दाखवल्या नाहीत," एवढाच अभिप्राय मिळाला.

घाटाबद्दल बोलले नाहीत तर ते बाबा कसले! भोर घाटात आणि थळ घाटात रुळांचा चढ एकास सदतीस. सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. कर्जतहून निघताना मागे बँकर इंजिनं लावावी लागतात ती त्यासाठी. "तू पळसदरीला उभी राहा नाहीतर मंकी हिलला," बाबा म्हणाले, "चढ तोच. तू किती उंचीवर आहेस याच्याशी त्याचा संबंध नाही. उंची वेगळी, चढ वेगळा." मग थोडं थांबून, "आणि गंमत बघ. जिथे रुळांचा चढ जास्त, तिथे माझ्या कागदावरच्या रेघेचा चढ कमी. घाटात गाडी रांगते ना!"

मला स्वतःला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट मध्यरात्रीची आहे. रात्री बाराला तारीख बदलली की नवा कागद. पण गाड्या तारीख बघून थांबत नाहीत. त्यामुळे नव्या कागदाच्या डाव्या कडेवर, शून्य वाजता, काही रेघा मधूनच सुरू होतात. एखादी कसाऱ्याजवळ, एखादी कर्जतच्या अलीकडे. ती डावी कड म्हणजे उभा अक्ष, आणि ती टिंबं म्हणजे इंटरसेप्ट. गाडी काही तिथून सुटलेली नाही. आपण कागद बदलला तेव्हा ती तिथे होती, एवढंच. कागद रात्री दोनला बदलायची पद्धत असती तर सगळे इंटरसेप्ट वेगळे आले असते. चढ मात्र तेच राहिले असते.

एवढं झाल्यावर बाबा उठले आणि कपाटातून स्वतःचा कागद घेऊन आले.

त्याबद्दल आता सांगायला हवं. बाबांना वीस वर्षांपासून डायबिटिस आहे आणि गेली काही वर्षं किडनी हळूहळू दमतेय. किडनी किती काम करते याचा अंदाज ईजीएफआर नावाच्या आकड्यावरून घेतात. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून तो काढतात. सोप्या भाषेत, किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतात. तरुण निरोगी माणसाचा शंभराच्या आसपास. साठच्या खाली सतत राहिला तर लक्ष ठेवायचं, पंधराच्या खाली गेला की डायलिसिसची भाषा सुरू होते. (डायलिसिस नक्की कधी, हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही, त्रास किती आहे त्यावरही ठरतं.)

नुसतं क्रिएटिनिन पाहून चढ कळत नाही, कारण त्याची रेषा सरळ नसते. १ चं १.२ होणं आणि ३ चं ३.२ होणं यात जमीन-अस्मानाचा फरक. १९७६ साली विल्यम मिच आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की एकला क्रिएटिनिनने भागून येणारा आकडा वेळेबरोबर मांडला, तर बऱ्याच रुग्णांत तो सरळ रेषेत उतरतो. आजाराचा वेग त्या सरळ रेषेवरून वाचता यायला लागला. ईजीएफआरची कल्पना त्याच वाटेवरची.

बाबांचे दर जानेवारीचे आकडे: २०२० साली ६१, मग ५८, ५२, ५०, आणि २०२४ साली ४५. त्यांनी ग्राफपेपरवर टिंबं देऊन मधून पट्टी फिरवली. जोडली नाहीत, मधून फिरवली. कंट्रोलरने टिंबं न जोडणं हे त्याच्या धर्माविरुद्धच म्हणायचं. पण ते म्हणाले, गाडी त्या वेळी त्या स्टेशनात होती हे नक्की असतं, इथे टिंबच हलतं. खरं आहे. आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलं, लॅब बदलली, तरी एखाद-दोन आकड्यांचा फरक पडतो. वर्षावर्षाची वजाबाकी केली तर ३, ६, २, ५. म्हणजे २०२२ साली रडायचं आणि २०२३ साली पेढे वाटायचे! पाचही टिंबं एकत्र घेऊन मी एक्सेलमध्ये स्लोप काढला तर आला बरोबर उणे ४. बाबांच्या पट्टीनेही चारच सांगितलं होतं.

ही रेषा मागे वाढवून बघायचा मोह मला आवरला नाही. बाबा १९७३ साली वीस वर्षांचे होते. रेषेप्रमाणे तेव्हा त्यांचा ईजीएफआर २४९ यायला हवा. अशी किडनी माणसाची नसते. म्हणजे ही रेषा त्यांच्या आयुष्याची नाही, फक्त या चार वर्षांची. आणि २०२० चे ६१ हा तिचा इंटरसेप्ट आहे खरा, पण तो मध्यरात्री कागद बदलल्यासारखा. फाइल तिथून सुरू होते म्हणून तो तिथे आहे.

पुढे वाढवली तर? ४५ पासून वर्षाला चार. ३० घरं उतरायला साडेसात वर्षं. म्हणजे २०३१ च्या मध्याला पंधरा, बाबांच्या वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत. हे बाबांनी स्वतः पेन्सिलीने, तुटक रेघेने काढून ठेवलं होतं. आईला दाखवलं नव्हतं. मला दाखवलं तेव्हा एवढंच म्हणाले, "लेट झाली तर बरं."

एप्रिल २०२४ मध्ये डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली. आणि मे अखेरच्या रिपोर्टात ईजीएफआर ४१! क्रिएटिनिन १.६ वरून १.७५.

घरात काय झालं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. किडनीसाठी म्हणून गोळी दिली आणि सहा आठवड्यांत किडनी आणखी खाली. जुन्या रेषेप्रमाणेसुद्धा साडेत्रेचाळीस यायला हवे होते. आईने गोळी बंद करायचं फर्मान काढलं. ओळखीपाळखीच्या चार जणांनी फोनवर तेच सांगितलं, एकाने पुनर्नव्याचा काढाही सुचवला. डॉक्टर बाबांना आधीच म्हणाले होते, सुरुवातीला थोडं उतरेल, घाबरू नका. पण आई तेव्हा आत नव्हती, आणि 'थोडं उतरेल' हे रिपोर्टावर जाड टाइपात छापलेल्या आकड्यासमोर फार टिकत नाही.

त्या रात्री मी वाचत बसलो. ही गोळी ज्या कुटुंबातली आहे त्यातल्या कॅनाग्लिफ्लोझिन या औषधाची 'क्रेडेन्स' नावाची मोठी चाचणी झाली होती. निकाल २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. डायबिटिस आणि किडनीचा आजार दोन्ही असलेले, लघवीतून अल्ब्युमिन जाणारे ४४०१ रुग्ण. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी. पहिल्या तीन आठवड्यांत औषधवाल्यांचा ईजीएफआर सरासरी ३.७२ ने उतरला, रिकाम्या गोळीवाल्यांचा फक्त ०.५५ ने. चाचणी तिथेच थांबवली असती तर निष्कर्ष निघाला असता की हे औषध किडनीला वाईट आहे.

त्यानंतर मात्र औषधवाल्यांची रेषा वर्षाला १.८५ ने उतरत गेली आणि दुसऱ्यांची ४.५९ ने.

हे वाचल्यावर मला एकदम बाबांचा कागद दिसला. औषधाने दोन वेगळ्या गोष्टी केल्या. रेषा उचलून थोडी खाली ठेवली, आणि तिचा चढ (इथे उतार म्हणा) निम्म्याहून कमी केला. इंटरसेप्ट बिघडवला, स्लोप सुधारला. आणि रिपोर्ट काय दाखवतो? एक टिंब. ते टिंब खाली गेलं ते रेषा सरकल्यामुळे की उतार वाढल्यामुळे, हे त्या एका टिंबाला ठाऊकच नसतं. दोन्हींत आकडा सारखाच, भवितव्य अगदी उलट.

असं का होतं हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. डायबिटिसमध्ये किडनीतल्या बारीक गाळण्यांवर दाब वाढलेला असतो. त्या जास्त दाबामुळे त्या आज जास्त गाळतात आणि उद्या लवकर फाटतात. गोळी तो दाब उतरवते. म्हणून आजचं गाळणं किंचित कमी होतं, पण गाळण्या टिकतात. बाबांनी हे ऐकून मान डोलावली. घाटात इंजिन रेटून चालवलं की काय होतं हे त्यांना सांगावं लागत नाही. (हा कुणाला वैद्यकीय सल्ला नव्हे, हे वेगळं सांगायला नको. आकडा किती उतरला तर चालतो याला मर्यादा आहे, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची असते, ब्लॉगवाल्यांनी नव्हे.)

गोळी चालू राहिली. आईला मी रेषा-बिषा काही सांगितलं नाही. डॉक्टरांच्याकडेच घेऊन गेलो. पण ती पुढचं वर्षभर प्रत्येक रिपोर्टाच्या दिवशी आधी देवाजवळ दिवा लावायची आणि मग पाकीट उघडायची.

नोव्हेंबर २०२४: ४१. मे २०२५: ३९.

दिवाळीत बाबांनी कागद भाचीसमोर ठेवला तेव्हा त्यावर जुनी पाच टिंबं होती, त्यांची रेषा होती, आणि मे २०२४ नंतरची तीन नवी टिंबं होती, सगळी जुन्या रेषेच्या खाली. ३९ तर आजवरचा सर्वात कमी आकडा. जुनी रेषा मे २०२५ ला साडेएकोणचाळीस सांगत होती. म्हणजे गोळी घेऊन वर्षभराने बाबा अजून अर्ध्या घराने मागेच होते. "म्हणजे काही फायदा झाला नाही, आजोबा?" भाचीने विचारलं.

"तूच सांग," बाबा म्हणाले. "दोन गाड्या आहेत. भेट कुठे होते ते काढ."

मग तिने जे केलं ते बघण्यासारखं होतं. आधी पाच मिनिटं अडली, कारण एक्स बरोबर शून्य कुठे ठेवायचं ते तिला कुणी दिलेलं नव्हतं. पुस्तकात ते आयतं असतं. २०२० ला ठेवलं तर आकडे मोठे होतात, नवी रेषा तिथे अस्तित्वातच नाही. शेवटी बाबांनीच विचारलं, "नवा कागद कधी सुरू झाला?" आणि तिने मे २०२४ ला शून्य लिहिलं. जुनी रेषा: वाय बरोबर उणे ४ एक्स अधिक ४३.५. नवी, तीन टिंबांमधून पट्टी फिरवून: वाय बरोबर उणे २ एक्स अधिक ४१.३. दोन्हींची वजाबाकी. २ एक्स बरोबर २.२. एक्स बरोबर १.१ वर्षं.

"म्हणजे तेरा महिने. जून २०२५. मामा, म्हणजे भेट होऊन गेली!" तिने लगेच नोव्हेंबरचा अंदाजही काढला: जुन्या रेषेप्रमाणे ३७.५, नव्याप्रमाणे ३८.३. आणि त्या वेळी मी तिला क्रेडेन्सचे आकडे दिले. सुरुवातीचा फरक ३.१७, उतारातला फरक २.७४. भागाकार १.१६, म्हणजे चौदा महिने. तिला वाटलं मी मुद्दाम जुळवून आणलेत. एका माणसाची तीन टिंबं आणि हजारो माणसांची सरासरी इतकी जवळ येणं हा योगायोगच जास्त, हे तिला सांगितलं. फारसं ऐकून घेतलं गेलं नाही. तिने त्या छेदबिंदूभोवती लाल पेनाने गोल केला आणि बाजूला 'क्रॉसिंग' असं लिहिलं. बाबांना ते मनापासून आवडलं.

आई एव्हाना चकल्यांची ताटली घेऊन बाहेर आली होती. कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने तुटक रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ही खालपर्यंत गेलेली कुठली?"

बाबा म्हणाले, "ती रद्द झालेली गाडी."

नोव्हेंबरचा रिपोर्ट आला तो ३९. भाचीच्या अंदाजापेक्षा थोडा वर, जुन्या रेषेपेक्षा दीड घर वर. मी तिला फोन केला तर पहिला प्रश्न, "मग आता स्लोप किती?" चार टिंबांचा उणे १.६ येतो. मी बाबांना म्हटलं, आता नवी रेषासुद्धा पुढे वाढवून बघू या, पंधराला कधी पोचते ते. त्यांनी नाही म्हटलं. चारच स्टेशनं झाली आहेत, म्हणाले, एवढ्यावर कुणी पुढच्या जंक्शनला वेळ कळवत नाही.

पुढची तपासणी मे महिन्यात आहे.